जुन्या गाडीचे स्टेअरिंग: काय भरायचे, काय राहू द्यायचे

जुन्या मोटारीच्या दुरुस्तीची चर्चा आपल्याकडे इंजिन, पत्रा आणि रंग एवढ्यावरच चालते. स्टेअरिंगचा विषय निघालाच तर शेवटी निघतो आणि दोन वाक्यांत मिटतो: वरून चामड्याचे कव्हर शिवून घ्या, नाहीतर नवे आणून बसवा. खरे म्हणजे माणसाचा हात गाडी चालवताना सतत ज्यावर असतो तो भाग हाच. गाडीचा स्वभाव हाताला कळतो तो इथूनच, आणि या भागात दोष राहिला तर जिवाशी गाठ पडते. म्हापशापासून पेडणे-डिचोलीपर्यंत अंगणात, शेडमध्ये, जुन्या घरांच्या पडवीत ज्या गाड्या अजून उभ्या आहेत, त्यांची स्टेअरिंगे कशी सांभाळावीत हा प्रश्न मालकाच्या आवडीनिवडीवर सोडला जातो. माझ्या मते तो तसा सोडता येत नाही. आपल्या किनाऱ्याच्या हवेने त्याचे उत्तर बरेचसे ठरवून टाकलेले आहे. वापराने आलेली झीज राहू द्यावी, चिरा मात्र पावसाळ्याआधी भरून घ्याव्यात, आणि आतली लोखंडी कडी किंवा मधला हब खराब झाला असेल तर ते स्टेअरिंग घेऊन गाडी रस्त्यावर काढूच नये.

हा प्रश्न गोव्यात इतर ठिकाणांहून थोडा वेगळा आहे, कारण इथल्या गाड्याच वेगळ्या होत्या. १९५०च्या दशकात भारतात परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली होती आणि लोकांपुढे हिंदुस्थान, प्रीमियर, स्टँडर्ड अशी मोजकी नावे उरली होती. गोव्यात नेमके उलट घडले. भारताने १९५५च्या सुमारास आर्थिक नाकेबंदी आवळल्यावर पोर्तुगीज सरकारने आयात सैल सोडली, आणि डिचोली-साखळी-पाळीच्या पट्ट्यातल्या लोहखनिजाच्या निर्यातीतून चलनही येत होते. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, अमेरिकन गाड्या इथे उतरल्या. मर्सिडीजच्या डिझेल गाड्या तर मुक्तीनंतरही कितीतरी वर्षे टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. १९६१च्या डिसेंबरनंतर या वाहनांत अॅम्बॅसेडर, फियाट, महिंद्रची जीप आणि खाणींवरचे टाटा-मर्सिडीज ट्रक मिसळले. त्यामुळे एकाच तालुक्यात चार-पाच देशांची आणि तितक्याच प्रकारच्या मालाची स्टेअरिंगे सापडतात. दुरुस्तीची एकच पद्धत सगळ्यांना लावली की घोटाळा होतो तो इथे.

म्हणून कानस उचलण्यापूर्वी माल ओळखावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांचे स्टेअरिंग लाकडाचे असे. पुढे लोखंडी कडीवर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, चढवले जाऊ लागले. १९३०च्या दशकात अमेरिकेत ईस्टमन कंपनीचे टेनाइट आले. ते सेल्युलोज अॅसिटेट जातीचे प्लास्टिक, आणि त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन गाड्यांच्या स्टेअरिंगवर तेच आढळते. काही ठिकाणी बेकेलाइट, तर १९६०-७० नंतर पीव्हीसी आणि फोम. वरून सगळी काळी किंवा हस्तिदंती दिसतात, पण नाकाने फरक कळतो. अंगठ्याने जोरात घासून ऊब आणली की एबोनाइटला गंधकाचा वास येतो, बेकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा, आणि बिघडू लागलेल्या सेल्युलोज अॅसिटेटला व्हिनेगरचा आंबट वास. ही परीक्षा पोरखेळ वाटेल, पण गॅरेजमध्ये होणारी सर्वांत महाग चूक तिने टळते. आपल्याकडे कुठलीही गोष्ट पुसायची म्हणजे फडक्यावर थिनर ओतायचा ही सवय आहे. थिनर आणि अॅसिटोन यांनी सेल्युलोज अॅसिटेट विरघळते. साठ वर्षे टिकलेला गुळगुळीत पृष्ठभाग दोन मिनिटांत चिकट आणि ओरखडलेला होतो, मग तो परत येत नाही. एबोनाइटला गरम पाणी चालत नाही, त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे फडके एवढेच सगळ्यांना मानवते.

चिरा का पडतात याचे उत्तर बहुतेक लोक ‘जुने झाले’ असे देतात. एवढ्यावर भागत नाही, कारण उपाय कारणावर अवलंबून आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगचा घेर सुमारे सव्वाशे सेंटिमीटर भरतो. तापमान तीस अंशांनी वाढले की एवढ्या घेराचे पोलाद जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, आणि तेवढेच सेल्युलोज अॅसिटेट मोकळे असते तर चार मिलिमीटरहून अधिक वाढले असते. ते मोकळे नसते, पोलादावर घट्ट बसलेले असते. साच्यात गरम ओतले गेलेले हे प्लास्टिक थंड होताना आखडते, आतली कडी त्याला आखडू देत नाही, त्यामुळे ते जन्मापासूनच ताणलेले असते. त्यात वर्षानुवर्षे त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य उडून जाते आणि ते आणखी आकसते. ताण सहन झाला नाही की चीर पडते, तीही कडीला आडवी, आणि बहुधा आरे जिथे कडीला मिळतात तिथे. उन्हाने हे रोज थोडे थोडे घडते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपे येथे केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक उन्हाळ्यात तासभर उघड्यावर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअस आणि स्टेअरिंग ५३ अंशांपर्यंत तापलेले आढळले. गोव्यात हवा तितकी तापत नाही, पण मे महिन्यात काचा बंद करून उन्हात सोडलेली गाडी फार मागे राहत नाही.

इथपर्यंतची कथा जगात कुठेही सारखी आहे. आपली खास कथा जूनमध्ये सुरू होते. कोरड्या मुलखात चीर पडली तर ती चीरच राहते, गाडी तशीच पन्नास वर्षे उभी राहू शकते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीच असते. चिरेतून ओल आत जाते, हाताच्या घामातले मीठ आणि किनाऱ्याच्या वाऱ्यातले मीठ तिच्याबरोबर जाते, आणि पोलादाची कडी गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून प्लास्टिकला फाकवतो. चीर रुंदावते, आणखी पाणी आत जाते. सेल्युलोज अॅसिटेटच्या बाबतीत तर ओलीने त्याचे विघटन होऊन अॅसेटिक आम्ल सुटते, आणि ते त्याच लोखंडाला खाते. म्हणजे केसाएवढी चीर इथे दिसण्याचा प्रश्न राहत नाही, काही पावसाळ्यांत ती गाडीच्या सुरक्षिततेचा प्रश्न होते. चीर आणि झीज यांना एकाच मापाने मोजू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

झिजेकडे मग कसे पाहायचे? झीज म्हणजे हाताने वर्षानुवर्षे केलेली घासाई. ती पृष्ठभागापुरती असते, तिच्यातून पाणी आत जात नाही. उलट ती गाडीच्या आयुष्याची विश्वासार्ह नोंद असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताने बदलतो आणि उजवा हात स्टेअरिंगवर ठेवतो, म्हणून उजवी बाजू अधिक गुळगुळीत झालेली सापडते. मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचा कुठे बुजल्या आहेत, हॉर्नच्या कडीचा मुलामा कोणत्या टोकाला उडाला आहे, यावरून गाडी टॅक्सीची होती की घरची, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या जीप आणि ट्रकांच्या स्टेअरिंगांना तर वेगळीच चकाकी असावी यात नवल नाही. लोहखनिजाची बारीक लाल पूड म्हणजे मुख्यतः हेमटाइट, आणि सोनारकामात किंवा काच घासण्यासाठी पॉलिश म्हणून वापरतात ते रूज म्हणजे हेच लोहाचे ऑक्साइड. घामट हाताला लागलेली ही धूळ वर्षानुवर्षे कड्यावर फिरली की ती घासते आणि चमकवतेही. अशा स्टेअरिंगवर दोन हात रंग मारून ते नवे केले की जे पुसले जाते ते परत कुठल्याच दुकानात मिळत नाही. मळ मात्र नोंद नव्हे. तेल, घाम आणि धुळीचा थर ओल धरून ठेवतो, तो काढायलाच हवा.

आता चीर भरण्याचे काम. ते आपल्या गॅरेजमध्ये होण्यासारखे आहे, फक्त घाई चालत नाही. आधी बॅटरीची तार काढायची, कारण हॉर्नची वायर मधूनच जाते. चाके सरळ ठेवून दांडा आणि हब यांवर पंचने खूण करायची, नट सोडवून स्टेअरिंग पुलरने ओढून काढायचे. खालून हातोडा मारून काढण्याची पद्धत सोडावीच, तो धक्का थेट स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. स्टेअरिंग धुऊन दोन-तीन दिवस सुकवल्यावर हॅक्सॉचे पाते आणि तिकोनी कानस घेऊन चीर इंग्रजी व्हीच्या आकारात उघडायची, थेट आतले लोखंड दिसेपर्यंत. इथे बहुतेकांचा हात कचरतो. पण वरच्यावर लांबी भरली तर आतला गंज तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच चीर परत दिसते. लोखंड तारेच्या ब्रशने साफ करून फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावायचे, सुकवायचे, पातळ इपॉक्सीचा हात द्यायचा आणि मग इपॉक्सीची पुट्टी दाबून, किंचित वर येईल अशी भरायची. अराल्डाइट, एम-सील या वस्तू तर प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मग अर्धगोल कानसेने आकार द्यायचा, खालच्या खाचा मूळ खाचांशी जुळवायच्या, आणि पॉलिश पेपर ८० पासून चढत ४०० पर्यंत न्यायचा. शेवटचे पेपर पाण्यात भिजवून घासले तर धूळ उडत नाही, पण पाणी वापरायचे ते सगळ्या चिरा भरल्यानंतरच. जुळणारा रंग भरलेल्या जागेपुरता द्यायचा. पूर्ण स्टेअरिंग रंगवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

या कामाचा हंगाम दिवाळीनंतर शिगम्यापर्यंत आहे, हे पुस्तकी सूचनांमध्ये सापडत नाही, कारण त्या सूचना कोरड्या देशांत लिहिलेल्या असतात. ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि तो धुतला नाही तर वरचा रंग सुटतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातले आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशी संयोग पावून बुडबुडे धरते. नायट्रोसेल्युलोज लॅकर पांढरट पडतो. त्या आयसोसायनेटबद्दल आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फवारा मारताना तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे काहीच न बांधणे. आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो, आणि एका स्टेअरिंगसाठी रंगाऱ्याची फुप्फुसे खर्ची घालण्याचा कोणालाच अधिकार नाही. हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर ब्रशने लावता येणारा साधा इनॅमल पुरेसा आहे. लाकडी स्टेअरिंगांची गोष्ट सोपी आहे. सावंतवाडीला लाखकामाची आणि लाकूडकामाची जुनी परंपरा आहे, आणि गोव्यातल्या चारी-मेस्त मंडळींना सांधा कुठे उघडतो हे सांगावे लागत नाही. फक्त लाखेची झिलई घाम आणि उष्णता दोन्हींना कच्ची असते, म्हणून रोज हाताळायच्या कड्यावर तिच्याऐवजी चांगले वॉर्निश द्यावे.

यावर पहिला आक्षेप जतनवाद्यांचा. ते म्हणतात, जुन्या वस्तूला कानस लावणे म्हणजे तिचा मूळ अंश कापून टाकणे, तेव्हा चीरही राहू द्या. हा आक्षेप हलका नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेली ट्युरिन सनद वाहनाचा मूळ माल आणि त्याच्या इतिहासाच्या खुणा शक्य तितक्या राखाव्यात असेच सांगते. परंतु तीच सनद वाहन वापरात राहण्यालाही महत्त्व देते. संग्रहालयात काचेच्या कपाटात, नियंत्रित हवेत ठेवायचे स्टेअरिंग असेल तर चीर उघडू नये हे मला मान्य आहे. तिथे पॅरालॉइड बी-७२ सारखी, पुन्हा विरघळवून काढता येणारी राळ चालते. पण ती चाळीस अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत ती दुपारपर्यंतही टिकायची नाही. वापरातल्या गाडीचा मूळ माल वाचवायचा असेल तर त्यातला थोडा कापावा लागतो, कारण न कापता राहिलेला गंज त्याहून जास्त खातो. सनदेतली एक शिफारस मात्र आपण जशीच्या तशी उचलावी. बदललेला भाग ओळखता येईल अशी खूण ठेवायची. हबच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचे साल आणि वापरलेला माल कोरून ठेवला की पुढच्या कारागिराला अंदाज बांधत बसावे लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी कारागिराचा: इपॉक्सी कडक, प्लास्टिक अजून आकसत राहणार, मग चीर बाजूला पुन्हा पडणारच. पडेल. साध्या तापमानात धरलेली इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे थोडी नरमही होते. भरलेली चीर जन्माची दुरुस्ती आहे असा दावा मी करत नाही. तिचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे, आणि ते ती काही वर्षे चोख करते. दर उन्हाळ्याच्या शेवटी भिंगाने कडे तपासावे, नवी चीर दिसली तर तेवढीच भरावी, गाडी सावलीत ठेवावी. घराच्या कौलांची आपण दरवर्षी पावसाआधी करतो तशीच ही देखभाल आहे.

तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे कव्हर. ट्रकचालक स्टेअरिंगला रंगीत वायर किंवा रेक्झिन गुंडाळतात, त्याला सबळ कारण आहे. पॉवर स्टेअरिंग नसलेला भरलेला ट्रक घाटात वळवायला घट्ट पकड लागते. पण दुरुस्ती म्हणून चामडे शिवणे हा आपल्या हवेत घातक उपाय आहे. चामडे आणि रेक्झिन घाम व ओल आत कोंडतात, आणि चीर डोळ्याआड जाते. गंज पुढे सरकतो तो कळतच नाही. कव्हर हवेच असेल तर चिरा भरल्यानंतर, दोरीने ओवलेले, पावसाळ्यात काढून ठेवता येईल असे असावे. चिकटवलेले नको.

राहिला नवे बसवण्याचा मार्ग. परदेशात जुन्या स्टेअरिंगावरचे सगळे प्लास्टिक काढून साच्यात पुन्हा ओतून देणारे व्यावसायिक आहेत, लोकप्रिय मॉडेलांच्या प्रतिकृतीही मिळतात. कडी शाबूत पण वरचा माल चुरा झालेला असेल तर हा मार्ग योग्यच. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या बाबतीत लोक म्हणतात की भंगारात हवी तितकी स्टेअरिंगे पडली आहेत, दुरुस्त कशाला करायची. ही समजूत जुनी झाली. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि तिच्याबरोबर कुर्ल्याच्या भंगार बाजारात येणारा सुट्या भागांचा ओघही आटणार. शिवाय भंगारातले स्टेअरिंग म्हणजे दुसऱ्या गाडीची झीज आणि दुसऱ्या गाडीचा गंज. आतली कडी न तपासता ते घेणे आपल्या जुन्याहून धोक्याचे. लहान आकाराचे स्पोर्ट्स स्टेअरिंग बसवण्याची हौस तर समजून घेण्यापलीकडची आहे. चाळीसवरून पस्तीस सेंटिमीटरवर आले की तेवढेच वळण घ्यायला हाताला सुमारे चौदा टक्के जास्त जोर लागतो, आणि जुन्या गाड्यांचे स्टेअरिंग मुळातच जड असते.

ज्या बाबतीत जतनाचा युक्तिवाद थांबतो ती बाब म्हणजे हब. त्याच्या खोबणीचे दाते झिजले असतील, आरे हबपाशी तडकले असतील, किंवा चीर उघडल्यावर आतली कडी खाऊन बारीक झालेली दिसली, तर दुरुस्ती करू नये. आऱ्याला वेल्डिंग मारून देणारे भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लास्टिक जळते, आणि ओतीव मिश्रधातूच्या हबवरचा असा जोड कधी सुटेल याची खात्री देता येत नाही. धक्क्यात दबणारा स्टेअरिंगचा दांडा अमेरिकेने प्रवासी मोटारींना १९६८च्या जानेवारीपासून सक्तीचा केला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत दांडा सरळ छातीवर येतो. ज्या गाडीत ही मूळ उणीव आहे तिच्यात तडकलेल्या हबची भर घालणे अक्षम्य आहे. असे स्टेअरिंग भिंतीवर टांगावे, गाडीत दुसरे बसवावे.

कायदा या बाबतीत आड येत नाही. केंद्र सरकारने २०२१च्या जुलैमध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. स्टेअरिंगच्या चिरा भरणे त्यात बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच. खरी अडचण १९८०-९०च्या दशकांतल्या गाड्यांची आहे. त्या व्हिंटेज नाहीत, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून चालवल्या जातात, आणि त्यांच्या पीव्हीसीच्या चिकट, फोमच्या भुगा होणाऱ्या स्टेअरिंगांकडे कोणी वारसा म्हणून पाहत नाही. पुढच्या वीस वर्षांत दुर्मीळ होणार आहेत त्या याच.

हे काम एका कारागिराचे नाही. फिटर, रंगारी, सुतार आणि शिवणकाम करणारा असे चार हात त्याला लागतात, आणि म्हापसा-डिचोलीत ते वेगवेगळ्या गल्ल्यांत आहेत. सरकारी आयटीआय या दोन्ही ठिकाणी आहेत. मोटर मेकॅनिकच्या प्रशिक्षणार्थींना वर्षातून एक जुने स्टेअरिंग उघडून भरायला दिले तर माल ओळखणे, गंज थांबवणे आणि इपॉक्सी हाताळणे ही तिन्ही कौशल्ये त्यांना मिळतील, आणि ती फक्त जुन्या गाड्यांपुरती उपयोगी नाहीत. गाडीमालकांनी एकत्र येऊन दुसरे काम करावे. गोव्यात शिल्लक असलेल्या प्रत्येक मॉडेलच्या शाबूत हॉर्न बटणाचे, खाचांच्या कड्याचे, आऱ्यांवरच्या आवरणाचे सिलिकॉनचे साचे आताच घेऊन ठेवावेत. एक तुकडा फुटला म्हणून पूर्ण स्टेअरिंग बदलण्याची पाळी त्यामुळे येणार नाही. साचा घेण्यापुरती तरी शाबूत असलेली स्टेअरिंगे अजून हाताशी आहेत, आणि दर पावसाळ्यात ती थोडी थोडी कमी होत आहेत.